पंच नसलेला खेळ : अल्टिमेट फ्रिसबी, आपल्या वस्तीतील मुले-मुली आणि संघाची शिकवण

धानाची कापणी-मळणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातील गावागावांत टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. मंडप पडतो, भोंगे लागतात, पहिले बक्षीस एखाद्या नेत्याकडून तर दुसरे एखाद्या ठेकेदाराकडून जाहीर होते. आपल्या वस्तीतील मुलेही त्यात जीव तोडून खेळतात. आणि बहुतेक स्पर्धांत एक प्रसंग ठरलेला असतो. पंच निर्णय देतो आणि एक बाजू मैदानात धावून येते. निर्णय बरोबर की चूक, हा प्रश्न दोन मिनिटांत मागे पडतो. पंच कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या समाजाचा, यावर भांडण सरकते. कधी ते मैदानातच मिटते, कधी रात्री वस्तीपर्यंत येते.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याचा पाय रेषेला लागला, त्याला स्वतःला तर ते माहीत असते. मग तो का सांगत नाही?

अल्टिमेट फ्रिसबी हा खेळ याच प्रश्नावर उभा आहे. या खेळात पंच नसतो. गल्लीतल्या सामन्यात नसतो आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही निर्णय देणारा पंच नसतो. आपली चूक आपण मान्य करायची, दुसऱ्याची चूक त्याच्या समोर, आवाज न चढवता सांगायची आणि खेळ पुढे न्यायचा, एवढीच व्यवस्था आहे. आपल्या भागातील बहुतेक तरुणांनी हा खेळ मैदानावर पाहिलेला नसेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देते. नंतर सांगते की बौद्ध युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याकडे का पाहावे, आणि पाहताना कोणती सावधगिरी ठेवावी.

खेळ कसा आहे

साधन एकच, प्लास्टिकची गोल चकती. स्पर्धेतील चकतीचे वजन १७५ ग्रॅम असते. दोन संघ, प्रत्येकी ७ खेळाडू. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे गोल-क्षेत्र. आपल्या सोबत्याने फेकलेली चकती समोरच्या गोल-क्षेत्रात झेलली की एक गुण. साधारणपणे १५ गुण आधी करणारा संघ जिंकतो.

चकती हातात असताना धावता येत नाही. एक पाय जागेवर रोवून दुसरा पाय फिरवता येतो, बस. समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी मोठ्याने १ ते १० आकडे मोजतो, तेवढ्यात चकती फेकावी लागते. चकती जमिनीवर पडली, बाहेर गेली किंवा प्रतिस्पर्ध्याने अडवली की ताबा लगेच दुसऱ्या संघाकडे. म्हणजे एकट्याच्या जोरावर कोणी गोल-क्षेत्रापर्यंत जाऊ शकत नाही. कितीही वेगवान खेळाडू असला तरी चकती हातात आली की त्याला थांबावेच लागते आणि दुसऱ्यावर विश्वास टाकावाच लागतो.

अंगाला अंग भिडवायला परवानगी नाही. धक्का लागला तर ज्याला लागला तोच 'फाऊल' म्हणतो. समोरच्याने 'मान्य' म्हटले तर त्या नियमाप्रमाणे खेळ पुढे जातो. 'अमान्य' म्हटले आणि थोडक्यात बोलूनही एकमत झाले नाही, तर बहुतेक वेळा चकती आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. कोणीही हरत नाही, कोणीही जिंकत नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नियम समजावून सांगणारे सल्लागार मैदानावर असतात, पण ते शिट्टी वाजवून निकाल देत नाहीत. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने मात्र पंच आणले आहेत, हेही सांगायला हवे. पैसा मोठा झाला की पंच लागतोच का, हा वाद त्या खेळात आजही आहे.

सामना संपल्यावर दोन्ही संघ मिसळून गोल करून उभे राहतात. काय चांगले झाले, काय खटकले, ते एकमेकांना सांगतात. त्यानंतर प्रत्येक संघ समोरच्या संघाला खिलाडूवृत्तीचे गुण देतो. प्रश्न पाच असतात : नियम माहीत होते का आणि ते नीट वापरले का, धक्काबुक्की टाळली का, न्यायबुद्धीने वागले का, स्वतःवर ताबा ठेवून आनंदाने खेळले का, आणि संवाद कसा होता. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण. नेहमीच्या चांगल्या सामन्याला प्रत्येकी २, म्हणजे २० पैकी १० गुण पडतात. स्पर्धेत विजेत्या संघाइतकाच मान या गुणांत पहिल्या आलेल्या संघाला मिळतो.

कुठून आला, कुठवर पोहोचला

१९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ सुरू केला. सुरुवातीला शाळेच्या गाड्या लावण्याच्या जागेत, दिव्यांच्या उजेडात ते खेळत. 'फ्रिसबी' हे खरे तर एका कंपनीचे व्यापारचिन्ह आहे, म्हणून खेळाचे अधिकृत नाव नुसते 'अल्टिमेट' असे आहे. २००१ पासून तो जागतिक क्रीडा स्पर्धांत म्हणजे वर्ल्ड गेम्समध्ये पदकाचा खेळ आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. ऑलिम्पिकमध्ये मात्र तो अजून खेळवला जात नाही.

भारतात हा खेळ आधी महानगरांत वाढला. इंग्रजी बोलणारे, परदेशात शिकून आलेले किंवा आयटी कंपनीत काम करणारे तरुण हे त्याचे पहिले खेळाडू. पण चेन्नईत वेगळे घडले. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी खेळणाऱ्या या मंडळींत कोळीवाड्यातील आणि झोपडपट्टीतील मुले-मुली सामील झाली. पुदियादोर नावाच्या संस्थेने आपल्या वस्त्यांतील मुलांच्या कामात हा खेळ आणला. चेन्नईच्या 'फ्लायवाइल्ड' संघावर '१७५ ग्रॅम्स' हा लघुपट निघाला आणि २०१५ मध्ये तो सनडान्स महोत्सवापर्यंत गेला. दिल्लीत 'वाय-अल्टिमेट' ही संस्था वस्त्यांतील मुलांसोबत याच खेळातून काम करते. कंपनीतला अधिकारी आणि बस्तीतली नववीतली मुलगी एका संघात, आणि तिने 'फाऊल' म्हटले की त्याने ऐकायचे, हे दृश्य आपल्या देशात लहान नाही.

खेळातून वस्तीचे काम हा विचार आपल्या विदर्भाला नवा नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तो 'स्लम सॉकर' म्हणून जगभर गेला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' त्याच कामावर आधारलेला. तो चित्रपट आपल्या तरुणांनी आवडीने पाहिला. पण पाहून झाल्यावर आपल्या गावात काय केले, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तसाच राहिला.

'खेळात जात नसते' हे किती खरे

खेळ सगळ्यांना एक करतो, असे भाषणात सांगितले जाते. इतिहास तसा सोपा नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. त्यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघ सामने जिंकत होता. पण सुरुवातीच्या काळात पुण्यात त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, आणि संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, बऱ्याच संघर्षानंतर. चेंडू सगळ्यांनी हाताळला, कप मात्र वेगळा राहिला.

म्हणून एखादा खेळ आणला की समता आली, असे मी म्हणणार नाही. प्रश्न असा विचारायला हवा : या खेळाच्या नियमांत असे काय आहे, जे माणसाला समतेने वागायला भाग पाडते? आणि कुठे ते नियम कमी पडतात?

संघाने भांडण कसे मिटवले

पंच नसताना वाद कसा मिटवायचा, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू संघापुढेही होता. वेगवेगळ्या कुळांतून आलेली माणसे एकत्र राहणार, त्यांत मतभेद होणारच. संघात राजा नव्हता. तथागतांनी आपल्यानंतर कोणा एकाला प्रमुख नेमले नाही, धम्म आणि विनय हेच मार्गदर्शक ठेवले. विनयात वाद शमवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत, त्यांना अधिकरणशमथ म्हणतात. त्यांतील तीन आपल्या विषयाच्या फार जवळचे आहेत.

पहिला, सम्मुखाविनय. ज्यांचा वाद आहे ते समोर हजर असले पाहिजेत. पाठीमागे निकाल नाही. दुसरा, प्रतिज्ञाकरण. ज्याच्यावर आरोप आहे त्याने स्वतः जे कबूल केले, त्यानुसारच कारवाई. तिसरा, तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही बाजूंनी बरेच काही बोलले गेले असेल आणि ते उकरत बसल्याने फूटच वाढणार असेल, तर दोन्ही गटांनी मिळून ते प्रकरण झाकून टाकायचे आणि पुढे जायचे. गंभीर अपराधांना मात्र हा मार्ग लागू नाही.

अल्टिमेटमधील 'समोरासमोर बोला', 'मान्य की अमान्य' आणि 'एकमत नसेल तर डाव पुन्हा खेळा' हे नियम यांच्या शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी विनयपिटक वाचून खेळ बनवला असे नाही, आणि हा खेळ बौद्धांचा आहे असा दावाही करायचा नाही. बाहेरचा दंड नसताना माणसे एकत्र नांदायची असतील तर त्यांना साधारण याच वाटेने जावे लागते, एवढेच यातून दिसते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात याच संघाची आठवण दिली होती. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय कामकाजाचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच्या वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, त्यांनी संवैधानिक नैतिकतेबद्दल इशारा दिला होता. ती माणसात जन्मजात नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असा त्याचा आशय होता. आपण २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. ते आवश्यकच आहे. पण जोपासणे म्हणजे केवळ वाचणे नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने हरण्याच्या क्षणी, सगळे पाहत असताना, 'हो, माझा हात लागला' असे म्हणणे, ही त्या नैतिकतेची छोटी पण खरी कसरत आहे.

जिथे नियम कमी पडला

आता आमचा अनुभव सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय वरचे सगळे गोड वाटेल.

सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, विहारामागच्या मोकळ्या जागेत आम्ही हा खेळ सुरू केला. सहावी ते बारावीची मुले-मुली, दोन चकत्या, कोपऱ्यांना विटा. मुलांनी पहिल्याच दिवशी तिला 'थाळी' असे नाव दिले आणि तेच राहिले. पाच-पाच जणांचे संघ केले, प्रत्येकात किमान दोन मुली.

पहिले चार-पाच दिवस मुलगे मुलींकडे थाळी फेकतच नव्हते. मुली धावत होत्या, मोकळ्या उभ्या राहत होत्या, हात वर करत होत्या. थाळी त्यांच्यावरून जात होती. हा दोष खेळानेच काही अंशी दुरुस्त केला. समोरच्या संघाला कळले की या मुलींकडे थाळी जातच नाही, तेव्हा त्यांनी त्यांना अडवणे सोडले आणि पाचही जण तीन मुलांवर तुटून पडले. संघ हरायला लागला. मग मोकळ्या उभ्या असलेल्या बहिणीकडे फेकणे भाग पडले. उपदेशाने जे झाले नव्हते, ते हरण्याने झाले.

दुसरा दोष मात्र खेळाने दुरुस्त केला नाही. आठवीतल्या एका मुलीला अकरावीतल्या मुलाचा जोराचा धक्का लागला. ती 'फाऊल' म्हणाली. तो हसला. "कुठे लागलं? अमान्य." नियमाप्रमाणे थाळी परत गेली, डाव पुन्हा सुरू झाला. मला वाटले, नियम चालला. त्यानंतर तीन-चार दिवस तिने एकदाही फाऊल म्हटले नाही. ती समजूतदार झाली, असे आम्हाला वाटले. शेवटच्या गोलात सहावीतला एक पोरगा सहज बोलून गेला, "ताई, तिला तर रोज लागते, ती म्हणत नाही."

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. पंच नसणे म्हणजे सत्ता नसणे नव्हे. ज्याचे वय मोठे, आवाज मोठा, ज्याच्या घराला गावात वजन, त्याचे 'अमान्य' जड पडते. ज्याला आयुष्यभर गप्प बसायला शिकवले आहे, त्याला 'फाऊल' हा शब्द उच्चारणेच कठीण असते. हे मुलींचे आहे, हे जातीचेही आहे. मिश्र गावात आपला मुलगा मालगुजाराच्या नातवाला 'तुझा हात लागला' असे किती सहज म्हणू शकेल? स्वतःहून न्याय करायचा हा नियम दोन समान माणसे गृहीत धरतो. आपल्या गावात ती समानता आधी घडवावी लागते. समतेशिवाय बंधुता मागणे म्हणजे दुबळ्याने गप्प राहावे असे सांगणे.

यावरचा उपाय आम्हाला पुन्हा विनयातच सापडला. वर्षावास संपताना पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्याकडून काही चूक तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा, मी सुधारेन. आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते, नवा भिक्खू नंतर. म्हणजे चूक दाखवण्याची विनंती सर्वांत आधी मोठा करतो. ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याने आधी स्वतःला खुले करायचे.

आम्ही शेवटच्या गोलात हाच क्रम लावला. सर्वांत मोठा मुलगा आधी बोलणार, आणि 'मी चांगला खेळलो' हे नाही, तर 'आज माझ्याकडून कोणाला लागले का?' एवढेच विचारणार. मग पुढचा. शेवटी सर्वांत लहान. मीही त्या क्रमात आले. "ताई, तुम्ही गुण मोजताना चुकता," असे मला पहिल्याच दिवशी ऐकावे लागले, आणि ते खरे होते. ती आठवीतली मुलगी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या मुलाकडे न पाहता, जमिनीकडे पाहत सांगितले. तो लालबुंद झाला. माफी वगैरे काही मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने 'फाऊल' म्हटल्यावर तो हसला नाही, 'मान्य' म्हणून बाजूला झाला. त्याचे मन बदलले असे मी म्हणत नाही. एवढे मात्र खरे की ती पुन्हा बोलू लागली.

मुली मैदानातून का जातात

सातवी-आठवीनंतर आपल्या वस्तीतील मुलींचे खेळणे जवळजवळ बंद होते. घरकाम वाढते, पाळी सुरू होते, 'लोक काय म्हणतील' सुरू होते. रोवणीच्या दिवसांत तर आईसोबत बांधीत उतरणाऱ्या मुलींना शाळाही सुटते, खेळ दूरच. क्रिकेटच्या स्पर्धेत मुली फार तर प्रेक्षक असतात.

अल्टिमेटमध्ये मिश्र संघ हा मुख्य प्रकारांपैकी एक आहे. ७ जणांत एका वेळी ४ पुरुष आणि ३ स्त्रिया किंवा ३ पुरुष आणि ४ स्त्रिया असे प्रमाण आळीपाळीने ठेवले जाते. म्हणजे मुलीशिवाय संघच उभा राहत नाही. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्या आपल्या मंडळांनी हा नियम मनावर घ्यावा. अर्थात पालकांशी बोलल्याशिवाय हे चालत नाही. आम्ही खेळाची वेळ अंधार पडण्याआधी संपवली, दोन माता रोज मैदानाच्या कडेला बसतील अशी व्यवस्था केली आणि रविवारच्या वंदनेनंतर पालकांसमोर एक सामना खेळून दाखवला. आक्षेप संपले नाहीत, पण कमी झाले.

विहारात खेळ चालतो का?

हा आक्षेप काही ज्येष्ठ उपासकांनी घेतला. ब्रह्मजाल सुत्तात खेळांची मोठी यादी आहे आणि अशा करमणुकीपासून दूर राहण्याबद्दल सांगितले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. यादी खरी आहे. पण ती प्रव्रजितांच्या शीलाच्या संदर्भात आहे. गृहस्थांच्या मुलांना पंचशील आहे, आणि मैदानावर धावल्याने पंचशीलाचा भंग होत नाही. विहाराचे पावित्र्य जपावे, वंदना-प्रवचनाच्या वेळी खेळ नसावा, हे योग्यच. मात्र ज्या विहाराचे कुलूप आठवड्यातून एकदाच उघडते, त्याच्या अंगणात रोज संध्याकाळी मुले आली आणि जाताना दहा मिनिटे आनापानसती करून गेली, तर विहाराचे नुकसान कोणते? बारावीनंतर आपली मुले विहाराकडे वळत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ती लहान असताना विहाराने त्यांना किती जागा दिली, हेही विचारायला हवे.

सुरुवात करायची असेल तर

खर्च फार नाही. १७५ ग्रॅमची चकती काही शे रुपयांत ऑनलाइन मिळते. जत्रेत मिळणारी हलकी खेळण्यातली चकती घेऊ नये, ती वाऱ्यावर भरकटते आणि मुले कंटाळतात. दोन चकत्या पुरतात. बूट नसले तरी चालते, पण मैदानातील काचा, काटे आणि कापलेल्या धानाचे धसकट आधी साफ करावे.

पूर्ण मैदान मिळत नाही म्हणून थांबू नये. वाळूवरच्या पाच-पाच जणांच्या प्रकाराला ७५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद जागा लागते. जिल्हा परिषद शाळेचे अर्धे मैदान त्याला पुरते. रेषांना फक्की, कोपऱ्यांना विटा. जागा आणखी लहान असेल तर चार-चार जण खेळा.

पहिला आठवडा सामना नको. जोड्या करून फक्त फेकणे आणि झेलणे. मनगटाचा झटका महत्त्वाचा, हाताचे बळ नाही, म्हणून लहान मुले आणि मुली यात लवकर पुढे जातात. दोन्ही तळव्यांमध्ये चकती दाबून झेलायला आधी शिकवा. वाऱ्याचा त्रास होतो, त्यामुळे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर खेळा. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा विचार करता तेच शहाणपणाचे.

भाषेकडे लक्ष द्या. महानगरांत या खेळातील चर्चा बऱ्याचदा इंग्रजीत चालते आणि ज्याला इंग्रजी येत नाही तो वादात आपोआप हरतो. आपल्या जिल्ह्यात मराठी आहे, हिंदी आहे, पोवारी, गोंडी, छत्तीसगढीही आहे. ज्या भाषेत मूल भांडते, त्याच भाषेत त्याला न्याय मागता आला पाहिजे. 'मान्य', 'अमान्य', 'थांबा' एवढे शब्द सगळ्यांचे सारखे ठेवा, बाकी ज्याच्या त्याच्या बोलीत.

आणि खेळ फक्त आपल्या वस्तीपुरता ठेवू नका. सुरुवात विहाराच्या अंगणात होईल, पण दुसऱ्या महिन्यापासून शाळेच्या मैदानावर या, गोंड, पोवार, कुणबी, मुस्लिम, सगळ्या घरांतील मुलांना बोलवा. आपल्याच माणसांत समतेचा सराव सोपा असतो. खरी परीक्षा मिश्र मैदानावर आहे. तिथे जाण्याआधी आपल्या मुला-मुलींना 'फाऊल' म्हणण्याची आणि 'मान्य' म्हणण्याची, दोन्ही सवयी लागलेल्या असाव्यात.

मर्यादा

या खेळाने नोकरी मिळणार नाही. शिष्यवृत्तीचे अडलेले अर्ज मार्गी लागणार नाहीत. गावात अत्याचाराची घटना घडली तर तिथे गोल करून उभे राहायचे नसते, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा असतो. गवताने झाकणे हा मार्ग गंभीर अपराधांना लागू नाही, हे विनयातच स्पष्ट आहे. मैदानावरचा धक्का आणि समाजातला अन्याय यांतला फरक मुलांना सांगितला नाही, तर आपण त्यांना सहनशीलतेच्या नावाखाली लाचारी शिकवू. कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल सोडा असेही मी म्हणत नाही. ज्यात मुलांचा जीव रमतो ते त्यांनी खेळावे.

पण १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने आपली मंडळे स्पर्धा घेतातच. त्यांतील एक स्पर्धा तरी अशी घ्या, जिच्यात पंच नसेल, प्रत्येक संघात मुली असतील, आणि सर्वांत मोठे बक्षीस खिलाडूवृत्तीच्या गुणांना असेल. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता करताना मुलांचा एक गोल करा आणि मंडळाच्या अध्यक्षांनी त्या गोलात पहिल्यांदा विचारावे, "या वर्षी माझ्याकडून काय चुकले?"

अध्यक्षांना ते जमले, तर मुलांना शिकवायचे फारसे उरणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!